टाळ्यांचा आवाज किती ठेवायचा?

सॅम कुक या अमेरिकी सोल गायकाचे दोन लाइव्ह अल्बम लागोपाठ ऐकले की दोन्हींत एकच माणूस गातोय हे पटायला वेळ लागतो. एक न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबातला, जुलै १९६४ चा. टेबलांशी जेवायला बसलेली मंडळी, मागे वाद्यवृंद, आणि कुक इस्त्री केलेल्या आवाजात ‘टेनेसी वॉल्ट्झ’ गातोय. टाळ्या वेळच्या वेळी पडतात, वेळच्या वेळी थांबतात. दुसरा त्याच्या दीड वर्ष आधीचा, १२ जानेवारी १९६३ च्या रात्रीचा. मायामीतल्या ओव्हरटाउन या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत हार्लेम स्क्वेअर नावाचा क्लब होता, तिथला. (नावात हार्लेम असल्यामुळे पुष्कळ लोक तो न्यूयॉर्कचा समजतात.) इथे कुकचा आवाज घोगरा होतो, मध्येच फाटतो, आणि समोरची माणसं त्याला एक ओळ धड एकट्याने म्हणू देत नाहीत. कोपाकबानाचा अल्बम १९६४ च्याच ऑक्टोबरात दुकानांत आला. मायामीच्या टेप आरसीए कंपनीच्या कपाटात बावीस वर्षं पडून राहिल्या.

सोल म्हणजे चर्चच्या गाण्यातून वाढलेलं कृष्णवर्णीय अमेरिकनांचं संगीत. सोल गायकाचा, किंवा सोलच्या वळणाने गाणाऱ्या कोणाचाही, लाइव्ह अल्बम कशाने मोठा होतो? गळा हवा, बँड हवा, गाण्यांची निवड हवी, हे खरंच. पण हे सगळं स्टुडिओतही मिळतं. स्टुडिओत मिळत नाहीत ती समोरची माणसं. आणि रेकॉर्ड कंपन्यांना नेमकी तीच बराच काळ अडचण वाटत होती.

समोरच्या माणसांच्या या सहभागाचं मूळ चर्चच्या बाकांवर आहे. प्रवचनकार एक वाक्य टाकतो, बाकांवरून कोणीतरी ‘येस’ म्हणून ओरडतं, तो तेच वाक्य आणखी ताणून पुन्हा टाकतो. कीर्तनात बुवांनी चरण सोडावा आणि टाळकऱ्यांनी उचलावा, तशी ही देवघेव. फक्त इथे अख्खी सभाच टाळकरी. कुक ‘सोल स्टरर्स’ या गॉस्पेल, म्हणजे चर्चची भक्तिगीतं, गाणाऱ्या गटातून आला. अरीथा फ्रँकलिन डेट्रॉइटमध्ये वडिलांच्या चर्चमध्ये गात मोठी झाली. डॉनी हॅथवेला सेंट लुइसमध्ये गॉस्पेल गाणाऱ्या आजीने वाढवलं. अशा माणसाला काचेच्या खोलीत उभं करून तीन मिनिटांत गाणं आटप म्हणायचं, म्हणजे त्याच्या गाण्याची निम्मी बाजू दाराबाहेर ठेवायची.

ती बाजू टेपवर किती चांगली येते हे आधी एका साध्या रेकॉर्डिंगने दाखवलं. २८ मे १९५९ ला अटलांटाच्या हर्नडन स्टेडियमवर रे चार्ल्सचा कार्यक्रम होता. डब्ल्यूएओके या स्थानिक रेडिओ स्टेशनच्या झीनस सिअर्स यांनी तो एका माइकवर टिपला, तोही स्टेजपासून शंभरेक फुटांवरून. एकच माइक म्हटल्यावर कोणाला वर घ्यायचं आणि कोणाला खाली, हा प्रश्नच उरत नाही. जे हवेत होतं ते टेपवर आलं. ‘ड्राउन इन माय ओन टीअर्स’ची लय इतकी संथ आहे की दोन ठोक्यांच्या मध्ये चहा पिऊन यावं. त्या रिकाम्या जागा लोकांनी भरल्या आहेत: हुंकार, किंकाळ्या, कोणाचं तरी ‘हो ना!’ छापाचं ओरडणं. ‘व्हॉटड आय से’ची रेकॉर्ड तेव्हा बाजारात यायची होती. म्हणजे लोक आधी माहीत असलेल्या गाण्याला दाद देत नव्हते, गाणं ऐकता ऐकताच त्यात शिरत होते.

तरीही कंपन्यांचा हिशेब वेगळा होता. जी गाणी लोकांनी एकदा विकत घेतली, ती पुन्हा, वर गोंगाटासकट, कोण घेणार? सिनसिनाटीच्या किंग रेकॉर्ड्सचे मालक सिड नेथन यांनी जेम्स ब्राउनला हेच सांगितलं. नवं गाणं नाही, मग पैसे कशाला घालू? ब्राउन हट्टी. त्याने पदरचे ५,७०० डॉलर घातले आणि हार्लेमच्या, म्हणजे खऱ्या हार्लेमच्या, अपोलो थिएटरात २४ ऑक्टोबर १९६२ ला रेकॉर्डिंग केलं. त्या दिवशी क्यूबाभोवती अमेरिकी आरमाराची नाकेबंदी सुरू झाली होती आणि अणुयुद्ध होणार की काय या धास्तीत जग होतं. रेकॉर्डवर त्याचा मागमूस नाही. वार मात्र कळतो असं मला उगीचच वाटतं: बुधवार, अपोलोत हौशी कलाकारांची रात्र. नवशिक्याला हुर्यो करून स्टेजवरून उतरवण्यात या प्रेक्षकांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

सगळा अल्बम जेमतेम अर्ध्या तासाचा, आणि त्यातला तिसरा हिस्सा ‘लॉस्ट समवन’ या एका गाण्याने खाल्लाय. जवळजवळ अकरा मिनिटं. जुन्या एलपीवर ते एका बाजूला मावलंच नाही. मध्येच विरत जातं आणि रेकॉर्ड उलटली की पुन्हा सुरू होतं. गाण्यात तसं घडत काहीच नाही. बँड त्याच दोन स्वरसंगती फिरवत राहतो, ब्रासवाले ठरल्या जागी एक टोला देतात, आणि ब्राउन आवाज खाली खाली आणतो. तो खाली आला की लोक वर येतात. एका शांत जागी बाईची किंकाळी उठते, मग त्या किंकाळीवर सगळं थिएटर हसतं, आणि ब्राउन ते हसू ओसरू देऊन पुढची ओळ टाकतो. स्टुडिओत ती जागा कोणी लिहून दिली असती?

अल्बम १९६३ मध्ये आला आणि अमेरिकेच्या पॉप अल्बमांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, ६६ आठवडे यादीत राहिला. रेडिओवाले एक गाणं वाजवण्याऐवजी पूर्ण बाजू लावायचे. गंमत म्हणजे याच ब्राउनच्या १९७० च्या ‘सेक्स मशीन’ या दुहेरी अल्बमवर स्टुडिओत केलेली काही गाणी आहेत, वरून गर्दीचा आवाज चिकटवलेली. गर्दी विकली जाते हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. पण ती चिकटवलेली गर्दी लगेच ओळखू येते: ती गायकाला काही उत्तर देत नाही आणि गायकही तिच्यासाठी थांबत नाही.

आता पुन्हा मायामी. ब्राउनच्या अपोलोनंतर तीन महिन्यांच्या आत आरसीएने हार्लेम स्क्वेअरमध्ये माइक लावले, तेव्हा अपोलोचा अल्बम अजून बाहेर यायचा होता. कुक तेव्हा गोऱ्या श्रोत्यांचाही लाडका होता. गोड आवाज, गोड चेहरा. १९५८ मध्ये कोपाकबानात तो सपशेल पडला होता आणि पुन्हा तिथे उभं राहून जिंकायचं ही सल त्याच्या मनात होती. अशा वेळी मायामीच्या टेप ऐकून कंपनी दचकली. हा आवाज फार खरखरीत, फार धसमुसळा. कपाट बंद झालं. डिसेंबर १९६४ मध्ये कुक गोळी लागून गेला तेव्हा त्याच्या नावावर छापील लाइव्ह अल्बम एकच होता, जेवणाच्या टेबलांसमोरचा. मायामीचं रेकॉर्डिंग १९८५ मध्ये निघालं. तोवर ओव्हरटाउनचा मोठा भाग महामार्गाखाली गेला होता.

त्यात ‘फॉर सेंटिमेंटल रीझन्स’ आहे, मूळचं मऊ प्रेमगीत. कुक हाक देतो आणि क्लबातली माणसं ओळी म्हणू लागतात, कोणी पुढे, कोणी मागे, पण सुरात. पुढे ‘ब्रिंग इट ऑन होम टू मी’ आहे. ते सुरू करण्याआधी तो प्रेयसीला फोन लावल्याचं नाटक करतो, ऑपरेटरशी बोलतो, स्वतःच्याच जुन्या हिट गाण्याचा एक तुकडा त्यात टाकतो. लोकांना पुढे काय येणार हे कधीच कळलेलं असतं आणि तो ते येऊ देत नाही. ही ताटकळवण्याची कला त्याने नाइटक्लबात कमावलेली नाही. ती गॉस्पेलच्या दौऱ्यांतली.

मुद्दा असा की हे सगळं आपल्यापर्यंत कसं येतं ते मिक्सिंगच्या टेबलावर ठरतं. गायकाच्या तोंडाशी एक माइक असतो, गर्दीकडे वळवलेले काही लांब असतात. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीस मीटरवरच्या माइकला गाणं जवळजवळ एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतं. गर्दीचा माइक वर घेतला की टाळ्यांबरोबर तेच गाणं उशिराने पुन्हा ऐकू येतं आणि ढोलाचा ठोका पसरट होतो. खाली घेतला की ठोका स्वच्छ, पण गायक विहिरीत एकटा उभा असल्यासारखा. मायामीच्या टेपचंही तेच झालंय: निरनिराळ्या आवृत्त्यांत गर्दी कमीजास्त आहे, आणि २००० सालच्या संचात ती मागे सारलेली आहे. वाद्यं जास्त स्पष्ट ऐकू येतात म्हणून काहींना ती आवृत्ती आवडते. मला नाही.

सोल गायक ऑटिस रेडिंगबद्दल एवढंच: २१ मार्च १९६७ ला पॅरिसच्या ऑलिंपियात त्याने ‘फा-फा-फा’ हे गाणं घेतलं. ब्रासची धून तोंडाने म्हणायची, शब्द नकोतच, त्यामुळे फ्रेंच श्रोत्यांनाही वाटा मिळाला. अल्बम जुलैत आला आणि डिसेंबरात विमान अपघातात रेडिंग गेला, वय २६.

मायामीच्या त्या रात्री कुकमागे वाजवणाऱ्या, सॅक्सोफोनवादक किंग कर्टिसच्या बँडमध्ये कॉर्नेल डुप्री नावाचा टेक्ससचा तरुण गिटारवाला होता. या सगळ्या इतिहासात मला तो सर्वांत जास्त भेटतो. मार्च १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये अरीथामागे कर्टिसचाच बँड होता, तिथे तो आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या ‘बिटर एंड’मध्ये डॉनी हॅथवेबरोबर आहे. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या चर्चमध्ये पुन्हा अरीथाबरोबर आहे. सगळीकडे तो कमीच वाजवतो. लोकांसाठी जागा सोडून वाजवायचं हे त्याला कुठल्यातरी रात्री कळलं असणार, आणि ती रात्र मायामीची असावी असं मानायला मला आवडतं.

हॅथवेचा ‘लाइव्ह’ १९७२ चा. एक बाजू ऑगस्ट १९७१ मध्ये लॉस एंजेलिसच्या ट्रूबडूरमधली, दुसरी बिटर एंडमधली. दोन्ही क्लब लहान. इथे गर्दी नाही, मूठभर माणसं आहेत, आणि ती गातात. ‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’ हे कॅरोल किंगचं गाणं जेम्स टेलरच्या आवाजात जुलैअखेरीस यादीत पहिलं होतं, म्हणजे कार्यक्रमाच्या काही आठवडे आधी, सगळ्यांच्या कानात ताजं. हॅथवे इलेक्ट्रिक पियानोवर पहिले स्वर टाकतो आणि ओळख पटताच बायका किंचाळतात. ध्रुवपद आलं की तो ते त्यांच्यावरच सोपवतो. मग जे ऐकू येतं ते हौशी समूहगान नाही. ही रविवारी चर्चमध्ये गाऊन तयार झालेली माणसं आहेत, ती सूर सोडत नाहीत. मूळ गाण्यात एक मैत्रीण एका माणसाला धीर देते. इथे खोलीभर माणसं गायकाला धीर देताहेत. पुढे हॅथवेच्या मनाची काय अवस्था झाली आणि १९७९ मध्ये ३३ व्या वर्षी तो कसा गेला हे ज्याला माहीत आहे, त्याला ही चार-साडेचार मिनिटं सरळ ऐकवत नाहीत.

दुसऱ्या बाजूच्या शेवटी ‘व्हॉइसेस इनसाइड’ आहे, तेरा मिनिटांहून लांब, आणि त्यात विली वीक्सचा बेस गिटारचा एकल तुकडा. बेसवाले तो अजून घोटतात. मी मात्र त्याच्या मागचे लोक ऐकतो. तो एक स्वर ताणतो, कोणीतरी ओरडतं, आणि पुढचा स्वर त्या ओरडण्याला उत्तर म्हणून येतो.

अरीथाच्या ‘अमेझिंग ग्रेस’बद्दल इतकं लिहिलं गेलंय की थोडक्यात आटपतो. १३ आणि १४ जानेवारी १९७२, न्यू टेंपल मिशनरी बाप्टिस्ट चर्च, गॉस्पेल गायक जेम्स क्लीव्हलंड आणि त्यांचा गायकवृंद. सगळ्यांचं गाणं जिथून निघालं होतं तिथे ती माइक घेऊन परत गेली. वीस लाखांवर प्रती खपल्या. दिग्दर्शक सिडनी पोलॅक यांनी चित्रीकरणही केलं, पण क्लॅपरबोर्ड (प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला वाजवायची पाटी) न वापरल्यामुळे चित्र आणि आवाज जुळेनात, आणि तो चित्रपट २०१८ मध्ये, अरीथा गेल्यावर, लोकांसमोर आला.

या साऱ्याचा वारसा वेगळ्याच ठिकाणी उमटला. व्हॅन मॉरिसन बेलफास्टचा. वडिलांकडच्या अमेरिकी रेकॉर्डींवर कान तयार झालेला गोरा आयरिश मुलगा. १९७३ च्या उन्हाळ्यात ‘कॅलेडोनिया सोल ऑर्केस्ट्रा’ हा अकरा जणांचा, व्हायोलिनवाल्यांसकटचा ताफा घेऊन तो फिरला. ट्रूबडूर, सँटा मोनिका आणि लंडनचं रेनबो थिएटर इथली रेकॉर्डिंगं निवडून १९७४ मध्ये ‘इट्स टू लेट टू स्टॉप नाउ’ हा दुहेरी अल्बम आला. रे चार्ल्सचं एक गाणं त्यात आहे, आणि कुकचं ‘ब्रिंग इट ऑन होम टू मी’ही. कुकने मायामीत गायलेलं तेच गाणं तेव्हा कपाटातच होतं.

मॉरिसन प्रेक्षकांशी बोलत नाही, त्यांना गायला लावत नाही. कुकच्या बरोब्बर उलट स्वभाव. पण अल्बमवर नंतर स्टुडिओत एकही सूर भरायचा नाही हा त्याचा नियम होता. ‘मूनडान्स’ हे त्याचं गाणं एका चुकलेल्या गिटारच्या स्वरापायी वगळलं गेलं, दुरुस्त केलं नाही. अल्बमच्या शेवटी ‘सायप्रस ॲव्हेन्यू’ आहे. त्यात तो बँडला एकदम थांबवतो. शांतता. पुन्हा दोन शब्द, पुन्हा शांतता. ती इतकी लांबते की प्रेक्षकांतून एकाला राहवत नाही. तो ओरडतो, सुरू कर की! मॉरिसन तिथल्या तिथे सांगतो, सुरूच आहे. चुकलेला एक स्वर ज्याने ठेवला नाही, त्याने हा ओरडणारा माणूस ठेवला.