खर्च कशाने भागायचा?

शाळांवरच्या सरकारी खर्चाचा आंतरराष्ट्रीय तक्ता हाती आला, की जर्मनी आणि जपान शेजारी ठेवून बघायचा मोह होतो. दोन्ही श्रीमंत, दोन्हीकडे शिक्षण सक्तीचं. मग नजर ‘निम्न माध्यमिक’ या रकान्यावर जाते. शिक्षणाच्या सरकारी खर्चातला या टप्प्याचा वाटा जर्मनीत जपानपेक्षा चांगलाच मोठा दिसतो. जर्मनांना या वयाच्या मुलांची जास्त काळजी? छे. त्यांचा हा टप्पाच मुळात लांबलचक आहे.

युनेस्कोच्या वर्गीकरणात निम्न माध्यमिक म्हणजे स्तर २. पण तो कुठल्या इयत्तेपासून धरायचा, हे त्या त्या देशाच्या शाळारचनेवरून ठरतं. जपानमध्ये सहा वर्षं प्राथमिक आणि मग तीन वर्षांचं ‘चूगाक्को’, म्हणजे सातवी ते नववी. जर्मनीत बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीलाच संपते (बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीला) आणि पुढचा टप्पा बऱ्याच ठिकाणी दहावीपर्यंत जातो. म्हणजे अकरा वर्षांची मुलगी जर्मनीत या रकान्यात, तर जपानमध्ये अजून प्राथमिकच्या खात्यात. सहा इयत्तांचा खर्च तीन इयत्तांशेजारी मांडला, तर तो मोठा दिसणारच!

यावरचा सोपा उपाय म्हणजे खर्चाला विद्यार्थीसंख्येने भागणं. तरीही प्रश्न उरतो. समजा, एक गरीब देश दर विद्यार्थ्यामागे १,००० खर्च करतो आणि त्याचं दरडोई जीडीपी, म्हणजे माणशी सरासरी उत्पन्न, ५,००० आहे. श्रीमंत देश ६,००० खर्च करतो, पण तिथलं दरडोई जीडीपी ४०,०००. जीडीपीशी खर्चाचं प्रमाण पहिल्याचं २० टक्के, दुसऱ्याचं १५. ऐपतीच्या मानाने गरीब देश जास्त सोसतो, पण वर्गातल्या मुलाच्या वाट्याला येतं ते श्रीमंत देशात जास्त. दोन्ही आकडे खरे आहेत. कोणता वापरायचा ते विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून. चलनबदलाची अडचणही असतेच, म्हणून असे आकडे बहुधा क्रयशक्ती समतेने, म्हणजे तिथल्या भावपातळीचा हिशेब धरून मांडतात.

भाजकाची खरी गंमत मात्र जपानमध्ये दिसते. १९६२ साली तिथे चूगाक्कोत सुमारे ७३ लाख मुलं होती. आज त्याच्या निम्मीही नाहीत. मुलं घटली म्हणून इमारत त्याच प्रमाणात आकसत नाही; वर्गात ३८ मुलं असोत की २९, शिक्षक एकच लागतो. त्यामुळे सरकारने एक येनही वाढवला नाही, तरी दर विद्यार्थ्यामागचा खर्च चढत जातो. कागदावर ही प्रगती वाटते. प्रत्यक्षात ती घटलेल्या जन्मदराची सावली असते.

आणि भाज्य, म्हणजे खुद्द खर्च? शाळांच्या चालू खर्चात बारा आणे वाटा शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या पगाराचा असतो. जर्मनीत या टप्प्यावरच्या शिक्षकांचे पगार जगातल्या वरच्या पगारांत मोडतात आणि ते राज्यं देतात. जपानमध्ये या टप्प्यावरच्या सरकारी शाळांतल्या शिक्षकांच्या पगाराचा एक तृतीयांश भार केंद्र उचलतं, उरलेला मुख्यतः प्रांतांवर. एवढं सरळ आहे. सरळ नाही ते कामाचे तास.

ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत जपानमधल्या या टप्प्यावरच्या शिक्षकांनी आठवड्याला सरासरी ५६ तास काम सांगितलं. पाहणीतल्या सगळ्या देशांची सरासरी ३८ च्या आसपास होती. त्या ५६ पैकी शिकवण्यात जेमतेम १८ तास गेले होते. बाकीचा वेळ कागदपत्रं, बैठका आणि शाळेच्या दुपारनंतरच्या खेळ-छंदांच्या क्लबांत. त्या जादा तासांचे पैसे? १९७१ च्या कायद्याने सरकारी शाळांतल्या शिक्षकांना ओव्हरटाइमऐवजी मूळ पगाराच्या ४ टक्के ठोक भत्ता ठरवून दिला. २०२५ मध्ये तो टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर न्यायचं ठरलं, पण तत्त्व तेच. संध्याकाळी बेसबॉलच्या सरावाला मैदानावर उभ्या असलेल्या शिक्षकाचा वेळ शाळेला मिळतो, तक्त्यात मात्र त्याची किंमत जवळपास शून्य धरली जाते.