विवेकानंद बोलले ती इमारत कोणती?

शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेल्या दोन मोठ्या इमारती आजही वापरात आहेत. दोन्हींचा संबंध कलेशी, दोन्ही ग्रीक-रोमन थाटाच्या, त्यामुळे आपल्याकडचे लोक हमखास गल्लत करतात. जॅक्सन पार्कातल्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियमसमोर फोटो काढून ‘इथेच विवेकानंद बोलले’ म्हणणारे कमी नाहीत.

तिथे ते बोलले नाहीत. ती इमारत म्हणजे प्रदर्शनातला ‘पॅलेस ऑफ फाइन आर्ट्स’. आजूबाजूचे बहुतेक महाल सांगाड्यावर प्लास्टर आणि तागाचे धागे थापून उभे केलेले, हंगामापुरते. हिच्या आतल्या भिंती मात्र विटांच्या, कारण आत देशोदेशींहून मागून आणलेली चित्रं होती आणि आगीची धास्ती होती. ती धास्ती खरी ठरली. १८९४ मध्ये आगींत प्रदर्शनाच्या कितीतरी इमारती खाक झाल्या, ही वाचली. मग इथे फील्ड म्युझियम आलं आणि १९२० च्या सुमारास दुसरीकडे गेलं. तोवर बाहेरचं प्लास्टर गळायला लागलं होतं. सीअर्स कंपनीचे ज्यूलियस रोझेनवाल्ड म्युनिकचं तंत्रज्ञान संग्रहालय पाहून भारावले होते. तसंच शिकागोत हवं म्हणून त्यांनी लाखो डॉलर दिले. प्लास्टर काढून तोच दर्शनी भाग चुनखडीच्या दगडात पुन्हा घडवला आणि १९३३ मध्ये म्युझियम उघडलं. म्हणजे आपण ज्याचा फोटो काढतो ते तोंड १८९३ चं नाहीच! आत आता यू-५०५ ही पकडलेली जर्मन पाणबुडी आहे.

विवेकानंदांची इमारत तिथून दहा-अकरा किलोमीटर उत्तरेला, भर शहरात, मिशिगन अव्हेन्यूवर: आर्ट इन्स्टिट्यूट. इथला सौदा आधीच ठरला होता. प्रदर्शनवाल्यांनी बांधकामाला पैसे द्यायचे, प्रदर्शनाच्या काळात परिषदा भरवायच्या आणि मग वास्तू कलासंस्थेच्या हवाली करायची. तसंच झालं, डिसेंबर १८९३ मध्ये संग्रहालय सुरू झालं. पुनर्वापर म्हणून मला हाच हिशेब जास्त शहाणपणाचा वाटतो.

सप्टेंबरातली सर्वधर्म परिषद इथलीच. मुंबईच्या ब्राह्मो समाजातर्फे बी. बी. नगरकरही तिथे बोलले, हे आपल्याला फारसं आठवत नाही. परिषदेचं कोलंबस सभागृह मात्र तात्पुरतं होतं, तो मंच आता शोधू नये. २०१० मध्ये मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी इथल्या भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर विवेकानंदांचं ११ सप्टेंबरचं भाषण दिव्यांच्या अक्षरांत उमटवलं. २००१ चा अमेरिकेवरचा दहशतवादी हल्लाही ११ सप्टेंबरचाच, म्हणून त्यांनी त्या अक्षरांना अमेरिकी सरकार तेव्हा दहशतवादाच्या धोक्याची पातळी दाखवायला वापरत असलेले पाच रंग दिले.