फ्लॅशचे सेल घेताना आकड्याला भुलू नका

मंगलाष्टकं संपतात, अक्षता उडतात आणि नेमका त्याच क्षणी फ्लॅश उडत नाही. मागचा छोटा ‘रेडी’ दिवा अजून लागलेलाच नसतो. दोष फ्लॅशच्या माथी जातो, पण बहुतेक वेळा खोट आत बसवलेल्या चार पेन्सिल सेलमध्ये असते.

फ्लॅशमध्ये एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून एका झटक्यात सोडणारा भाग असतो. प्रत्येक चमकेनंतर तो 300 व्होल्टच्या आसपास पुन्हा भरावा लागतो आणि त्यासाठी फ्लॅश सेलमधून काही अँपिअर प्रवाह ओढतो. टीव्हीच्या रिमोटचं याच्या शंभराव्या हिश्श्यातही भागतं. म्हणून रिमोटमध्ये वर्षभर चालणारा सेल फ्लॅशमध्ये लगेच दमतो.

याचं कारण सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतच प्रवाहाला होणारा अडथळा. नव्या अल्कलाइन सेलचा रोध साधारण 0.2 ओहम धरा. 3 अँपिअर ओढले की त्यातले 0.6 व्होल्ट सेलच्या आतच उष्णता होऊन जातात आणि 1.5 व्होल्टच्या सेलमधून बाहेर येतात जेमतेम 0.9. पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे निमह सेलवर 1.2 व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणून तो कमजोर वाटतो. पण त्याचा रोध 0.03 ओहमच्या घरात असतो. तेवढ्याच ओढीला तो 1.1 व्होल्ट देतो आणि रिकामा होत येईपर्यंत जवळपास तेवढेच देत राहतो. अल्कलाइनवर पूर्ण ताकदीच्या दोन चमकांमध्ये पाच-सहा सेकंद थांबावं लागत असेल, तर निमहवर तीन-चार सेकंदांत काम होतं.

आता दुकानातला प्रश्न: 2000 एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) घ्यायचे, 2500 घ्यायचे की 4000 लिहिलेले? शेवटचे मुळीच नकोत. पेन्सिल सेलच्या डबीत निमह रसायन जास्तीत जास्त 2700-2800 एमएएचपर्यंतच बसतं. शंका असेल तर सेल स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. खरा 2000 चा सेल 26-27 ग्रॅम भरतो, 2500 चा 30 ग्रॅमच्या आसपास. ‘4000’ लिहिलेला सेल 17 ग्रॅम भरला, तर आत काय आहे हे वेगळं सांगायला नको.

2500 चे खरे सेलही सरसकट फायद्याचे नसतात. तेवढ्याच डबीत जास्त माल कोंबायचा तर आतला विभाजक पडदा पातळ करावा लागतो आणि आयुष्य घटतं. चांगल्या कंपन्या 2000 च्या सेलला दोन हजारांच्या आसपास चार्ज-फेऱ्या सांगतात, त्याच कंपन्या 2500 च्या सेलला पाचशे. जुन्या पद्धतीचे निमह सेल तर नुसते ठेवूनही महिन्याला 20-30 टक्के उतरायचे. 2005 मध्ये सान्योने जपानमध्ये एनेलूप हा कमी उतरणारा निमह सेल आणला, तेव्हा हे दुखणं गेलं. असे सेल वर्षभर कपाटात पडून राहिले तरी बरीचशी चार्ज धरून ठेवतात. पाकिटावर ‘रेडी टू यूज’ किंवा ‘प्री-चार्ज्ड’ लिहिलेलं असतं, ते शोधा. माझं मत स्पष्ट आहे: 2000 एमएएचचे, कमी उतरणारे आठ सेल घ्या, म्हणजे चारचे दोन संच होतील.

पैसे वाचवायचे तर सेलवर वाचवा, चार्जरवर नको. स्वस्त चार्जर दोन-दोन सेल एकत्र चार्ज करतात आणि ठरावीक तासांनी बंद होतात. काही तर बंद होतच नाहीत. जोडीतला एक सेल अर्धा भरलेला असेल, तर तो आधी भरतो आणि दुसरा भरेपर्यंत नुसता तापत राहतो. सेल हातात धरवत नाही इतका तापला, की त्याचं आयुष्य कमी होत आहे असं समजा. चांगल्या चार्जरला चार खाचा आणि प्रत्येक खाचेला स्वतंत्र दिवा किंवा आकडा असतो. सेल भरला की त्याचं व्होल्टेज वाढायचं थांबतं आणि 5-10 मिलिव्होल्टने किंचित खाली येतं. ही घसरण ओळखून चार्जर त्या एकाच सेलचा प्रवाह तोडतो. प्रवाह फार कमी असेल तर ही घसरण नीट दिसत नाही, म्हणून 2000 च्या सेलला 500 ते 1000 मिलिअँपिअर ठीक. 500 वर चार-पाच तास लागतात.

संच फोडू नका. मार्करने सेलवर अ-1, अ-2 असं लिहा, खरेदीचा महिनाही लिहा. चार सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे त्यातला दुबळा आधी रिकामा होतो आणि बाकीचे तिघे त्याच्यातून प्रवाह रेटतच राहतात, मग त्याचे अधिक-उणे टोक उलटतात. असा उलटलेला सेल कायमचा खराब होतो. फ्लॅश मंदावला की शेवटचा थेंब पिळत बसू नका, संच बदला.

यूएसबीने चार्ज होणारे 1.5 व्होल्टचे लिथियम सेलही आता सगळीकडे मिळतात. त्यांच्यावरचा 3400 चा आकडा एमएएचमध्ये नसून एमडब्ल्यूएचमध्ये, म्हणजे मिलिवॉट-तासांत असतो. त्याला 1.5 व्होल्टने भागा, सुमारे 2270 एमएएच येतात. 1.2 व्होल्टवर लगेच ‘लो बॅटरी’ दाखवणाऱ्या उपकरणांना ते चांगले. पण आतलं नियंत्रक सर्किट फ्लॅशची ओढ पेलेलच असं नाही, आणि संपताना सेल कसलीही सूचना न देता एकदम बंद पडतो. मीडियम वेव्हच्या रेडिओत त्या सर्किटची खरखरही ऐकू येते. 14500 लिहिलेला सेल मात्र पेन्सिल सेलच्याच मापाचा असून 3.7 व्होल्टचा असतो. असे चार सेल घातले तर 6 व्होल्टच्या उपकरणाला 15 व्होल्टच्या आसपास मिळतात आणि ते जळू शकतं.

खूप दिवस पडून राहिलेला निमह सेल हुशार चार्जर कधी कधी ओळखतच नाही, कारण व्होल्टेज फार खाली गेलेलं असतं. तो जुन्या साध्या चार्जरमध्ये पाच-दहा मिनिटं, समोर बसून ठेवा आणि मग परत चांगल्या चार्जरमध्ये लावा. तरीही घेतला नाही, तर तो सेल ई-कचऱ्यात द्या. त्याच्या जागी एकटा नवा सेल घालू नका. उरलेले तिघे घरातल्या टॉर्चला किंवा खेळण्याला चालतील.