तापास : स्पॅनिश चखण्याची कुळकथा

पुण्या-मुंबईतल्या एखाद्या स्पॅनिश रेस्टॉरंटात मेनूकार्ड उघडलं की बहुधा आधी एक राजा भेटतो. तेराव्या शतकातला, स्पेनमधल्या कास्तीय राज्याचा दहावा आल्फोन्सो. आजारी पडला, वैद्यांनी वाइनबरोबर दोन-दोन घास खायला सांगितले, बरा झाल्यावर त्याने फर्मान काढलं की खाण्याशिवाय कुणी वाइन विकायची नाही. काही ठिकाणी राजा बदलतो. मग तेरावा आल्फोन्सो कादिझच्या किनाऱ्यावरच्या खानावळीत थांबतो, वारा सुटलेला असतो, आणि ग्लासात वाळू जाऊ नये म्हणून वेटर वर हॅमची चकती ठेवतो. दोन्ही गोष्टी ऐकायला झकास आहेत, पुरावा मात्र एकीलाही नाही. चखणा फर्मानाने सुरू झाला यावर विश्वास ठेवायचा तर गुत्त्याच्या मालकाला धंदा कळत नव्हता असंही मानावं लागेल.

'तापास'चं एकवचन 'तापा', म्हणजे झाकण. एवढं मात्र खरं, आणि ते आपल्याला दक्षिणेला, आंदालुसियात घेऊन जातं. हेरेझची शेरी, सानलुकारची मान्झानिया ही तिथली रोजची वाइन. उन्हाळा कडक, वाइन वासाची, आणि चिलटांना तिचं भारी वेड. अशा ग्लासवर पावाचा तुकडा किंवा सॉसेजची चकती ठेवली तर चिलटंही अडतात आणि गिऱ्हाईकही. कारण ती चकती खारट असते. खारट खाल्लं की तहान लागते, तहान लागली की दुसरा ग्लास. ऑलिव्ह, हॅम, खारवलेले मासे हे तापासचे जुने पदार्थ पाहिले की हे गणित उघड होतं. स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशात खाण्याच्या अर्थाने 'तापा' शिरला तो थेट विसाव्या शतकात, तोही आंदालुसियाकडचा शब्द म्हणून. पद्धत जुनी, नाव त्यामानाने अलीकडचं.

माद्रिदमध्ये 1860 साली सुरू झालेलं 'कासा लाब्रा' आजही आहे. तिथली खासियत म्हणजे पीठ लावून तळलेला खारा कॉड मासा. 2 मे 1879 रोजी याच जागेत पाब्लो इग्लेसियास आणि त्याच्या सोबत्यांनी समाजवादी कामगार पक्षाची स्थापना केली. पुढे या पक्षाने देशाला पंतप्रधान दिले. आपल्याकडे इराण्याच्या हॉटेलात चहावर जे चालायचं, ते तिकडे तळलेल्या माशावर चालत होतं म्हणायचं.

स्पेनमध्ये रात्री नऊ-दहाच्या आत कुणी जेवायला बसत नाही. त्याला घड्याळही थोडं जबाबदार आहे. 1940 साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने देशाची वेळ तासाभराने पुढे, जर्मनीच्या वेळेला नेऊन ठेवली. ती आजतागायत तशीच आहे. मग काम सुटल्यापासून जेवणापर्यंतचा लांबलचक वेळ भरायचा कशाने? एका बारमध्ये एक ग्लास, एक तापा, आणि चला पुढच्या बारमध्ये. यासाठी स्पॅनिशमध्ये वेगळं क्रियापदच आहे, 'तापेआर'. ग्रनादात अजूनही ड्रिंक मागवलं की तापा फुकट येतो. काय येईल ते बारवाला ठरवतो.

उत्तरेला बास्क मुलखात मात्र त्याला तापा म्हटलेलं चालत नाही. तिथे 'पिंचो', म्हणजे टोचलेला. काडीला ऑलिव्ह, अँचोव्ही मासा आणि लोणच्यातली हिरवी मिरची टोचली की झाली 'हिल्दा'. सान सेबास्तियानच्या 'कासा वायेस'मधली ही जोडणी, आणि नाव रिटा हेवर्थच्या 1946 सालच्या 'गिल्डा' (स्पॅनिश उच्चारात 'हिल्दा') चित्रपटावरून पडलेलं. नायिकेसारखीच हिरवट (स्पॅनिशमध्ये 'हिरवं' म्हणजे चावटही), खारट आणि जराशी तिखट, असं तिचं वर्णन करतात. कितीतरी बारमध्ये शेवटी काड्या मोजून हिशेब होतो.

'पातातास ब्रावास' हा प्रकार आपल्याकडच्या मेनूत हमखास असतो. तळलेल्या बटाट्यावर लाल सॉस. 'ब्रावास' म्हणजे उग्र, पण मराठी जिभेला तो सॉस टोमॅटो सूपाचा लांबचा भाऊ वाटतो. गंमत अशी की बटाटा आणि मिरची दोन्ही अमेरिकेतून आलेले. स्पॅनिश बोटींनी ते स्पेनला नेले, आणि मिरची पोर्तुगिजांबरोबर गोव्यात उतरली. 'बटाटा' हा शब्दही आपण पोर्तुगिजांकडूनच घेतला. स्पेनचा चोरिसो आणि गोव्याचा चोरीस हे तर चुलत भाऊच. तिकडच्यात धुरावलेल्या मिरचीची पूड, इकडच्यात मिरचीबरोबर माडीचा व्हिनेगर.

बाहेरच्या जगात जाताना तापासने बैठक मारली. 1993 साली वॉशिंग्टनमध्ये 'हालेओ' उघडलं, शेफ होसे आंद्रेस. अमेरिकनांना टेबलावर आठ-दहा छोट्या थाळ्या मागवून वाटून खायची सवय लावण्यात या रेस्टॉरंटचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे पोचलं ते हेच रूप : आरक्षण, खुर्ची, मेणबत्ती, आणि चार कोळंब्यांना पोटभर जेवणाचा भाव. कोळंबी चांगली असते, तक्रार नाही. पण उभं राहणं आणि पुढच्या बारकडे निघणं त्यातून गळालं, आणि माझ्या मते अर्धा तापा तिथेच गळाला.

सेव्हिलमध्ये 'एल रिंकोन्सियो' नावाचा बार आहे, 1670 सालचा. गर्दीत कोपर टेकायला जागा मिळाली तर मिळाली. पालक-चण्याची भाजी मागवली की बारवाला तुमच्यासमोरच्या लाकडी काउंटरवर खडूने आकडा लिहितो. पुढचा ग्लास, त्याखाली पुढचा आकडा. निघताना बेरीज करतो, पैसे घेतो आणि ओल्या फडक्याने सगळं पुसून टाकतो.