फ्रीझरमधली सुरमई कोरडी का पडते?

मे महिना संपत आला की मुंबईच्या मासळी बाजारांत झुंबड उडते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, म्हणून अनेक घरांत सुरमई, पापलेट, कोळंबी आणून फ्रीझर गच्च भरला जातो. जुलैत त्यातली पिशवी काढावी, तर ताटलीत हे एवढं पाणी साचतं आणि तळलेली तुकडी चोथ्यासारखी लागते. मग शिळा मासा दिला म्हणून बोल कोळणीला. खरं तर ताज्या माशाचंही असं होतं, आणि नुकसान बहुतेक पहिल्याच रात्री फ्रीझरमध्ये झालेलं असतं.

माशाच्या वजनात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. त्यातलं बरंचसं उणे १ ते उणे ५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान गोठतं. हा टप्पा झटकन पार पडला तर बर्फाचे असंख्य बारीक स्फटिक तयार होतात. रेंगाळला तर स्फटिक थोडे, पण मोठे होतात. ते पेशींतलं पाणी बाहेर ओढतात, तंतूंची वीण मोडतात. मासा वितळल्यावर ते सगळं पाणी पुन्हा आत शिरत नाही. ताटलीत दिसतं ते हेच, आणि चवीचा काही भागही त्याच्याबरोबर वाहून जातो.

क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन माणसाला हे कॅनडातल्या लॅब्राडॉर प्रदेशाच्या थंडीत उमगलं. तिथले मूळनिवासी इन्यूइट लोक पकडलेला मासा उणे ४० अंशांच्या आसपासच्या हवेत ठेवत. तो बघता बघता गोठे आणि पुढे कितीतरी दिवसांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागे. त्यावरूनच त्याने १९२०च्या दशकात पाकिटं थंडगार धातूच्या पृष्ठभागांमध्ये दाबून झपाट्याने गोठवण्याचं यंत्र केलं.

आपला फ्रीझर जेमतेम उणे १८ अंशांचा. एकदारी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याला तेवढंही सहसा जमत नाही. पण जाडी आपल्या हातात आहे. पिशवीची जाडी निम्मी केली की गोठायला निम्म्याहून कमी वेळ लागतो. दोन किलोंचा गोळा आत ढकलण्यापेक्षा एका वेळच्या तुकड्या एका थरात पसरा, पिशवी सपाट करून फ्रीझरच्या थंड पत्र्याला टेकवून ठेवा. आणि एका दिवशी सगळा बाजार आत कोंबू नका.

दुसरा शत्रू हवा. सैल पिशवीत माशावरचा बर्फ न वितळताच वाफ होऊन उडतो आणि पांढुरके, चिवट डाग पडतात. त्यासाठी झिपची पिशवी तोंड उघडं ठेवून पाण्याच्या पातेल्यात हळूहळू बुडवावी. पाण्याच्या दाबाने हवा निघून जाते, मग तोंड बंद करावं. बांगडा, तारली अशा तेलकट माशांना हवा जास्तच बाधते, त्यांचं तेल खवट होतं. मीठ ही क्रिया वाढवतं. म्हणून फ्रीझरमध्ये महिनाभर राहणाऱ्या माशाला हळद-मीठ आधी चोळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ओला बोंबील तर फ्रीझरमध्ये ठेवूच नये. त्यात सुमारे ८५ ते ९० टक्के पाणी. वर्सोव्याला तो बांबूंवर टांगून वाळवतात ते योग्यच.

मटणाची गोष्ट वेगळी. सकाळी कापलेलं मटण लगेच गोठवलं, तर वितळताना त्याचे स्नायू जोरात आखडतात आणि ते वातड होतं. ते आधी दिवसभर फ्रिजमध्ये राहू द्यावं.

गोठवल्याने जंतू मरतातच असं नाही, बहुतेक नुसते थांबतात. बांगडा, सुरमई उन्हात राहिली तर काही जिवाणू तिच्यात हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन तयार करतात. ते गोठवूनही जात नाही, तळूनही नाही. लोकलने तासभर प्रवास असेल तर कोळणीकडून पिशवीत बर्फ मागून घ्याच. वितळवायचा मासा ओट्यावर न ठेवता आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. पाकीट व्हॅक्यूमचं असेल तर आधी कापून उघडावं, कारण बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचं विष तयार करणाऱ्या जिवाणूचा एक प्रकार हवा नसलेल्या जागी फ्रिजच्या थंडीतही वाढू शकतो.