तराईची जमीन कोणाची? उधमसिंह नगर जिल्ह्याची पार्श्वभूमी

घर बदलताना आपण जो ‘छोटा हत्ती’ बोलावतो, तो टाटा एस 2005 साली बाजारात आला तेव्हा पुण्यात तयार होत असे. दोनच वर्षांत त्याचा मोठा कारखाना उत्तराखंडात पंतनगरला उभा राहिला. त्याच 2007 साली आकुर्डीच्या बजाजनेही तिथेच मोटारसायकली जुळवायला सुरुवात केली. पुण्याचे उद्योग थेट हिमालयाच्या पायथ्याशी का गेले, याचं उत्तर पंतनगर ज्या जिल्ह्यात येतं, त्या उधमसिंह नगरच्या जमिनीत आहे.

डोंगर संपतो तिथे दगडगोट्यांचा कोरडा पट्टा लागतो, तो भाबर. डोंगरातून आलेलं पाणी इथे जमिनीत गडप होतं आणि थोडं खाली, तराईत, पुन्हा वर येतं. त्यामुळे तराई म्हणजे दलदल, उंच गवत, साल वृक्षांचं जंगल आणि मलेरिया. डोंगरातले लोक हिवाळ्यात गुरं घेऊन खाली उतरत आणि उन्हाळा लागायच्या आत परत वर जात. बारा महिने टिकून राहिले ते थारू आणि बुक्सा हे आदिवासी. मलेरिया त्यांना फारसा बाधत नाही, अशी ख्याती होती. वस्ती अगदीच नव्हती असंही नाही. काशीपूरजवळच्या प्राचीन गोविषाण नगराचं वर्णन ह्युएन त्संगने केलं आहे, तर नानकमत्ता हे गुरू नानकांच्या वास्तव्यामुळे शिखांचं तीर्थक्षेत्र आहे.

फाळणीनंतर मात्र चित्र पालटलं. निर्वासितांना जमीन हवी होती, देशाला धान्य. गोविंद वल्लभ पंत संयुक्त प्रांताचे (पुढचा उत्तर प्रदेश) मुख्यमंत्री असताना ट्रॅक्टर आणि डीडीटी घेऊन जंगल मोकळं करायला सुरुवात झाली. पश्चिम पंजाबातून आलेले शीख आणि हिंदू, माजी सैनिक, पूर्वांचलातले शेतकरी, डोंगरातले कुमाऊंनी असे सगळे इथे आले. पूर्व बंगालचे निर्वासित दिनेशपूर आणि शक्तिफार्म भागात वसले. शिखांनी शेतातच घर बांधलं, त्याला इथे ‘झाला’ म्हणतात. काही वजनदार मंडळींना शेकडो एकरांची ‘फार्म’ मिळाली. मलेरिया हटला आणि थारू-बुक्सांचं कवचही गेलं. कर्जापायी त्यांच्या जमिनी हळूहळू दुसऱ्यांच्या ताब्यात गेल्या. अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांची नावं आली ती 1967 साली. तोवर बराच उशीर झाला होता, असंच म्हणावं लागतं.

17 नोव्हेंबर 1960 रोजी पंडित नेहरूंनी पंतनगरला देशातल्या पहिल्या कृषी विद्यापीठाचं उद्घाटन केलं. ठेंगण्या गव्हाचं बियाणं इथल्या शेतांवर वाढवून गावोगाव पोचवलं गेलं. हरितक्रांतीच्या गोष्टीत पंतनगर हमखास येतं, पण त्याच विद्यापीठातली 13 एप्रिल 1978 ची घटना सहसा येत नाही. त्या दिवशी हक्कांसाठी आंदोलन करणाऱ्या शेतमजुरांवर सशस्त्र पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात मजूर मारले गेले. तारीख जालियनवाला बागेचीच. पुढे 1995 साली मायावतींच्या सरकारने नैनीतालमधून हा सखल भाग वेगळा काढला आणि जिल्ह्याला नाव दिलं ते जालियनवाला बागेचा सूड घेणाऱ्या उधमसिंहांचं.

2000 साली उत्तर प्रदेशातून उत्तराखंड वेगळं झालं तेव्हा इथल्या अनेक शेतकऱ्यांना, विशेषतः शिखांना, नव्या राज्यात जायचंच नव्हतं. डोंगरी राज्यात आपली जमीन राहील का, ही धास्ती होती. जिल्हा उत्तराखंडात गेला आणि 2003 साली केंद्राने औद्योगिक सवलती जाहीर केल्या: दहा वर्षं अबकारी कर माफ आणि पहिली पाच वर्षं प्राप्तिकरही पूर्ण माफ. कारखान्यांना सपाट जमीन हवी होती आणि डोंगरी राज्यात ती किती असणार! पंतनगरला विद्यापीठाच्या शेतजमिनीचाच मोठा तुकडा ‘सिडकुल’ या औद्योगिक महामंडळाला मिळाला. बियाणं पिकवणाऱ्या मातीवर आता मोटारी, बिस्किटं, नूडल्स तयार होतात. ‘सिडकुलमध्ये लागलाय’ म्हटलं की पोरगा कामाला आहे हे समजायचं. मात्र बहुतेकदा तो ठेकेदाराकडे असतो.

2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 16.5 लाख होती. पाचांत एकाहून जास्त मुसलमान, दहांत जवळपास एक शीख. थोड्या अंतरात पंजाबी, बांगला, कुमाऊंनी, भोजपुरी आणि थारू कानावर पडतात, म्हणून लोक याला ‘मिनी हिंदुस्थान’ म्हणतात. बिरुद गोड आहे, पण त्यात कोण कुठल्या सरकारी कागदावर इथे आला हे झाकलं जातं. दिनेशपूरच्या बंगाल्यांना ते विसरता येत नसे. इथेच जन्मलेल्या नातवंडांच्या जात प्रमाणपत्रावरही ‘पूर्व पाकिस्तान’ लिहिलेलं असायचं. तो देश 1971 साली नकाशावरून गेला. प्रमाणपत्रातून ते शब्द काढायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला 2021 साली.