वेणीचा स्वेटर अंगाला आवळतो, त्याचे कारण

जोडीदारासाठी स्वेटर विणला की नाते तुटते, अशी एक समजूत पाश्चात्त्य देशांतील विणकाम करणाऱ्यांमध्ये आहे, आणि आता ती मोबाइलवरून आपल्याकडेही येऊन पोहोचली आहे. पहाटेच्या कांद्याच्या लिलावासाठी बाजार समितीत जाणाऱ्या यजमानांकरिता, सोलापूरला जानेवारीत भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेपूर्वी स्वेटर पुरा करायचा म्हणून मी टाके घातले, तेव्हा एका मैत्रिणीने मला तसे बजावले. टाक्यांचा आणि संसाराचा असा कोणताही कार्यकारणसंबंध नाही. वेणीच्या, म्हणजे टाक्यांना पीळ देऊन उभी वेणी उठवलेल्या, स्वेटरमध्ये माप मात्र खरोखरच बिघडते, आणि त्याचे कारण टाक्याच्या रचनेत सापडते.

कापड म्हटले की आम्हा सोलापूरकरांना चादर आठवते. तिच्यात ताण्याचे उभे आणि बाण्याचे आडवे धागे जवळजवळ सरळ असतात, त्यामुळे ती लांबीत किंवा रुंदीत ओढून फारशी वाढत नाही. तिरकी ओढली तरच थोडी सैल पडते. सुयांवरच्या विणकामात एकच धागा नागमोडी जातो आणि प्रत्येक टाका खालच्या टाक्यातून ओढून काढलेला एक फास असतो. असे कापड आडवे ताणले, तर धाग्याची लांबी फारशी न वाढता फास पसरतो आणि त्याची उंची कमी होते.

वाकवलेली पोलादी पट्टी जशी सरळ होऊ पाहते, तसाच फासात वाकवलेला धागाही होऊ पाहतो. मात्र फासाचे दोन पाय सुलट बाजूला आणि वरची कमान उलट बाजूला राहत असल्यामुळे हा जोर दोन्ही बाजूंना सारखा नसतो. म्हणूनच नुसत्या सुलट विणीच्या उभ्या कडा मागच्या बाजूला आणि वरखालच्या कडा पुढच्या बाजूला वळतात. सुलट (फास पुढच्या बाजूला ओढलेल्या) आणि उलट (फास मागच्या बाजूला ओढलेल्या) टाक्यांच्या उभ्या रांगा शेजारी ठेवल्या की दोघींचे वळण परस्परविरुद्ध पडते, सुलट रांग पुढे उचलली जाते, उलट रांग मागे बसते आणि कापड रुंदीत गोळा होते. बॉर्डर अंगाला धरून बसते ती यामुळेच, आणि उलट टाक्यांच्या पार्श्वभूमीवर वेणी उठून दिसते तीही यामुळेच.

आता पीळ पाहू. सहा सुलट टाक्यांपैकी पहिले तीन तिसऱ्या सुईवर घेऊन पुढे ठेवायचे, उरलेले तीन आधी विणायचे आणि मग तिसऱ्या सुईवरचे तीन विणायचे. जे दोन पदर शेजारी होते, ते एकमेकांवर चढतात, तिरके ओढलेले फास ताठ होतात आणि आजूबाजूचे टाके आत खेचतात. दर आठ ओळींऐवजी दर चार ओळींनी पीळ दिला, तर हे आक्रसणे आणखी वाढते.

माझ्या नमुन्यात साध्या विणीचे 10 सेंटिमीटरला 20 टाके बसले, वेणीचे 27. यजमानांची छाती 96 सेंटिमीटर, त्यात 8 सेंटिमीटर सैलपणा धरून घेर 104. साध्या विणीच्या हिशेबाने 208 टाके पुरतात. परंतु पुढे आणि मागे 54-54 टाक्यांची वेणी घातली, तर 27 सेंटिमीटरच्या जागी प्रत्येकी 20 सेंटिमीटरच भरतात, आणि एकूण घेर 90 वर येतो, म्हणजे छातीपेक्षाही कमी. ही 14 सेंटिमीटरची तूट भरून काढायला 28 टाके जास्त लागतात. नमुना मात्र धुऊन, सपाट वाळवून मगच मोजावा, कारण खऱ्या लोकरीच्या तंतूंमधील काही बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. लोकर म्हणून विकल्या जाणाऱ्या अ‍ॅक्रिलिक धाग्यात हा गुण नसतो.

वेणीमुळे दुप्पट ऊब मिळते, असे विकताना सांगितले जाते; ती अतिशयोक्ती आहे. ऊब मिळते ती धाग्यांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे, आणि दुचाकीवरचा वारा ती हवा सहज पळवून लावतो. वरून वारा अडवणारे जाकीट घालावेच लागते.

वाढीव 28 टाके बॉर्डर संपल्यावर, पहिल्या पिळाच्या आधीच्या ओळीत, वेणीच्या जागीच वाढवावेत. खांद्याशी टाके बंद करताना तेवढेच पुन्हा कमी करावेत, कारण तिथे पुढचा पीळ नसल्याने वेणीची कड झालरीसारखी पसरते आणि खांद्याची शिवण सपाट बसत नाही.